औषधाचा ट्रे हातात घेण्याआधी: पुण्यात नव्याने ड्युटीला लागलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी

कोणी लातूरहून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून आलेली असते, कोणी सांगली-सोलापूरकडून बीएस्सी नर्सिंग करून, एखादा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, नांदेडचा. धनकवडीला चौघींत एक खोली, स्वारगेटला बस बदलायची आणि पावणेआठला ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती, घ्यायला वॉर्डात हजर. पहिल्या आठवड्यात इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे सामानाची मागणी, कसा टाकायचा, अंगठा कुठे लावायचा, मेसचं कुपन कुठे मिळतं हे सगळं कळतं. औषध देताना चूक नेमकी कुठे होते, हे मात्र कोणी बसवून सांगत नाही. मला तरी कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून आधी माझी चूक सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. पुण्यातलंच एक हॉस्पिटल, मेडिसिन वॉर्ड, रात्रपाळी. साठीच्या एका आजींना जेवणाआधी रेग्युलर इन्सुलिन १६ युनिट लिहिलं होतं. वॉर्डच्या फ्रिजमधला स्टॉक संपला होता, म्हणून आजींच्या मुलाने बाहेरच्या मेडिकलमधून व्हायल आणून दिली. मी रोजच्यासारखी लाल टोपीची सिरिंज उघडली, १६ च्या रेघेपर्यंत भरली आणि सव्वाआठला दिलं. साडेदहाला आजी म्हणाल्या, “सिस्टर, कसंतरीच होतंय गं.” कपाळावर घाम, गाऊन पाठीला चिकटलेला, हात थरथरत होते. ग्लुकोमीटरवर शुगर फक्त ४६. रेसिडेंटला हाक मारली, २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज शिरेतून गेलं, आजी सावरल्या. रात्रभर तासातासाला शुगर तपासली. कारण अकरा वाजता सापडलं, व्हायल पुन्हा हातात घेतली तेव्हा. लेबलवर एका मिलीत १०० युनिट लिहिलेलं होतं. आमची नेहमीची व्हायल ४० ची असायची आणि लाल टोपीची सिरिंज त्या ४० साठीच असते. १६ युनिट समजून मी ४० युनिट दिले होते, अडीच पट.

मी आळशी नव्हते, मला येत नव्हतं असंही नाही. हात सवयीने चालला आणि लेबल डोळ्यांसमोर असून वाचलं गेलं नाही. पुढे लिहिलेली प्रत्येक पायरी याच एका गोष्टीसाठी आहे: सवयीने चालणारा हात ठरावीक जागी थांबवायचा. ससूनला लागलात, पिंपरीत महापालिकेच्या वायसीएम हॉस्पिटलला लागलात की डेक्कनजवळच्या एखाद्या खासगी हॉस्पिटलात, कागदांचे रंग वेगळे असतील, थांबायच्या जागा याच.

आणि हे फक्त नवख्यांचं होतं असं समजू नका. अमेरिकेत ३६ संस्थांमध्ये औषधं देताना प्रत्यक्ष निरीक्षण केलं गेलं. २००२ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात दर पाच डोसांमागे जवळपास एकात काही ना काही चूक सापडली. बऱ्याचशा वेळेच्या किंवा राहून गेलेल्या डोसाच्या होत्या, पण सगळ्याच तेवढ्या साध्या नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम सुरू केली, ती उगाच नाही.

पहिली पायरी: ओव्हर बेडपाशी घ्या

नर्सिंग स्टेशनवर चहा पिता पिता घेतलेला ओव्हर अर्धाच असतो. बेडपाशी जा. चालू असलेल्या सलाईनच्या बाटलीवर काय लिहिलंय ते स्वतः वाचा: आत काय घातलंय, किती वाजता लावली, किती थेंबांवर आहे. सिरिंज पंप असेल तर त्यावरचा आकडा आणि पेशंटच्या औषधांच्या शीटवरचा आकडा जुळवा. एसओएस, म्हणजे गरज पडली म्हणून, काय दिलं आणि कधी, हे तोंडाने विचारा. ताप आला म्हणून सहा वाजता पॅरासिटामॉल गेलेलं असतं, शीटवर वेगळ्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं आणि आठच्या नियमित डोसाला तुम्ही तेच परत देता.

पाळी बदलताना दुहेरी डोसाची भीती सर्वात जास्त. सकाळी आठचं औषध रात्रीच्या सिस्टरने “तुला मदत म्हणून” देऊन टाकलेलं असतं, पण सही राहिलेली असते. रिकामी चौकट दिसली म्हणून लगेच देऊ नका. ती सिस्टर लिफ्टपाशी असेल, हाक मारून विचारा. बसमध्ये बसली असेल तर फोन करा. राग आला तर येऊ दे. आणि स्वतःसाठी एक नियम आजपासून पाळा: सही औषध दिल्यावर लगेच, त्याच बेडपाशी. आधी करून ठेवायची नाही, शेवटी बसून सगळ्यांच्या एकदम करायच्या नाहीत. आधी सही केली आणि पेशंट एक्स-रेला गेला, की कागदावर डोस गेला आणि अंगात गेलाच नाही.

पुण्यात याला एक खास दिवस जोडायला हवा. अनंत चतुर्दशीला मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, पुढच्या पाळीची सिस्टर दोन-दोन तास अडकते आणि बारा तास उभी असलेली पहिलीच पुढे चालू ठेवते. पालखी शहरात असते तेव्हाही हेच. त्या दिवशी तुम्ही थांबलेल्या असाल तर इन्चार्जना आधीच सांगा की धोक्याची औषधं मी एकटीने भरणार नाही, कोणीतरी सोबत बघायला द्या. थकलेल्या डोळ्यांना दशांशचिन्ह दिसत नाही. हा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी: ऑर्डर वाचायची, ओळखायची नाही

डॉक्टरांचं अक्षर “ओळखता येणं” हे वॉर्डात कौतुकाचं समजतात. मला ते धोक्याचं वाटतं. तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये नियमांत बदल करून औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं असं सांगितलं. तेव्हा “सर, नीट लिहून द्या” म्हणणं हा उद्धटपणा ठरत नाही.

काही ठिकाणी डोळा हमखास फसतो. युनिटसाठी नुसतं इंग्रजी ‘यू’ अक्षर लिहिलं, की ते शून्यासारखं दिसतं आणि ४ युनिटचे ४० होतात. ‘१.०’ मधला टिंब पुसट असला की १०. ‘.५’ च्या आधी शून्य नसलं की ५. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायला सांगा, पूर्ण आकड्यापुढे टिंब-शून्य नको, टिंबाआधी शून्य हवंच. आणखी एक औषध नावाने लक्षात ठेवा: मेथोट्रेक्सेट. संधिवाताला किंवा सोरायसिसला ते आठवड्यातून एकदाच असतं. शीटवर इतर गोळ्यांच्या रांगेत ‘ओडी’, म्हणजे दिवसातून एकदा, म्हणून उतरलं आणि रोज दिलं गेलं, तर रक्तपेशी घसरतात, तोंड सोलवटतं, माणूस दगावू शकतो. मेथोट्रेक्सेट रोज लिहिलेलं दिसलं की फोन उचलायचाच.

फोनवरच्या ऑर्डरचंही तसंच. शक्यतो घ्यायची नाही. इमर्जन्सीत घ्यावी लागली तर लिहून घ्या आणि वाचून दाखवा. रात्री दोनला झोपेतल्या रेसिडेंटशी बोलताना वाक्य तयार असलं की घाबरायला होत नाही: “सर, मेडिसिन वॉर्डातून सिस्टर बोलतेय. बेड ९, पेशंटचं पूर्ण नाव अमुक. तुम्ही हेपरिन ५००० युनिट सांगितलं, त्वचेखाली. मी परत म्हणते, पाच हजार, त्वचेखाली. बरोबर?” आणि “हो” ऐकू येईपर्यंत फोन ठेवायचा नाही. आकडे सुटे करून म्हणा. इंग्रजीत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात, मराठीत ‘सात’ आणि ‘साठ’. “साठ, सहा-शून्य” असं म्हटलं की प्रश्न मिटतो. आपल्याकडे केरळच्या सिस्टर असतात, हिंदी बोलणारे डॉक्टर असतात, त्यामुळे याची गरज जास्तच.

तिसरी पायरी: भरताना

इथे घाई करायची नाही, मीही लिहिताना करणार नाही.

औषध तीनदा बघायचं, हे कॉलेजात शिकवलेलं असतं: कपाटातून काढताना, भरताना आणि देण्याआधी बेडपाशी. दरवेळी लेबल आणि शीट शेजारी-शेजारी धरून. पण मान हलवणं म्हणजे बघणं नव्हे. नाव, ताकद आणि मुदत पुटपुटत वाचा. ओठ हलले की डोळे वाचतात.

सर्वात आधी पोटॅशियम क्लोराइडची ओळख करून घ्या. १० मिलीचं अँप्यूल, आत पाण्यासारखं पारदर्शक. काही कंपन्यांचं डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखंच दिसतं. १ मिलीत २ मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक), म्हणजे एका अँप्यूलात २०. हे सरळ शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. सिरिंजने थेट द्यायची याची कोणतीही वेळ नसते, इमर्जन्सीतही नाही. नेहमी सलाईनमध्ये मिसळून, हळू. साध्या वॉर्डात हातातल्या शिरेतून द्यायचं असेल तर सर्वसाधारण मर्यादा एका लिटरमध्ये ४० मिलीइक्विव्हॅलंट आणि तासाला १०, त्याहून जास्त हवं असेल तर मॉनिटर असलेल्या ठिकाणी. आणि एक गोष्ट जी फारसं कोणी सांगत नाही: लटकत्या बाटलीत पोटॅशियम टोचून तसंच सोडलं, तर ते जड असल्याने तळाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत एकदम आत जातं. बाटली खाली काढा, पाच-सहा वेळा उलटीसुलटी करा, वर चिठ्ठी लावा, मगच लटकवा. हे अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या खोक्यात पडलेलं दिसलं तर तिथेच उचला, वेगळं ठेवा आणि इन्चार्जना सांगा. एनएबीएच (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या हॉस्पिटलांत अशा औषधांची यादी आणि वेगळी जागा ठेवणं अपेक्षितच असतं.

इन्सुलिनबद्दल माझ्या चुकीतून जे शिकले ते सरळ सांगते. व्हायल ४० ची की १०० ची हे आधी वाचायचं, सिरिंजला हात नंतर. ४० ला लाल टोपी, १०० ला नारिंगी टोपी. १०० ची व्हायल लाल सिरिंजने भरली तर अडीच पट जातं. ४० ची व्हायल नारिंगीने भरली तर निम्म्याहूनही कमी जातं आणि शुगर का उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत बसतात. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढायचं नाही. जेवणाचा ट्रे आलाय का, पेशंट खाणार आहे का, हे बघूनच द्यायचं. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या पेशंटला सवयीने इन्सुलिन गेल्याचे प्रसंग मी ऐकले आहेत.

हेपरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची, ५ मिलीची व्हायल १००० युनिट प्रति मिलीची येते आणि ५००० चीही येते. आकाराने दोन्ही सारख्या, ताकद पाच पट. ५००० ची अख्खी व्हायल म्हणजे २५,००० युनिट. व्हायलवर एका मिलीत किती आणि पूर्ण व्हायलमध्ये किती, असे दोन आकडे छापलेले असतात. आपल्याला हवा एका मिलीचा.

नावांचा गोंधळ वेगळाच. सेफोटॅक्सिम, सेफ्ट्रायॲक्सोन, सेफ्टाझिडिम. डोपामिन, डोब्युटामिन. क्लोनिडिन, क्लोनाझेपाम. ॲझिथ्रोमायसिन, ॲझाथायोप्रिन. यातली शेवटची जोडी बघा: एक अँटिबायोटिक, दुसरं प्रतिकारशक्ती दाबणारं. अशी औषधं एकाच खणात शेजारी ठेवू नका. पुण्यात आणखी एक गोष्ट रोज होते. नातेवाईक चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलमध्ये जातात आणि लिहिलेला ब्रँड नसला की दुसरा घेऊन येतात. खोक्यावरचं मोठं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतात, ते शीटशी जुळवा. जुळत नसेल तर नातेवाइकांवर चिडू नका, ते आधीच तीन जिने चढून आलेले असतात. फार्मासिस्टला किंवा डॉक्टरांना विचारा.

भरलेल्या प्रत्येक सिरिंजवर चिठ्ठी लावायची: औषध, डोस, पेशंट. पारदर्शक औषधाच्या दोन बिनचिठ्ठीच्या सिरिंज किडनी ट्रेमध्ये शेजारी पडल्या, की त्यातली कोणती कोणाची हे कोणीच सांगू शकत नाही. अशा दोन्ही फेकून द्यायच्या, कितीही महाग असल्या तरी.

आणि भरताना बोलायचं नाही. सिडनीतल्या दोन हॉस्पिटलांत ९८ नर्सेसवर केलेल्या निरीक्षणात, २०१० मध्ये, दर व्यत्ययामागे औषधाच्या चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. आपल्याकडे व्यत्यय म्हणजे काय ते तुम्हाला चार दिवसांत कळेल: “सिस्टर, सलाईन संपलं”, “सिस्टर, डिस्चार्ज कधी”, फोन, वॉर्डातल्या मदतनीस मावशी चादरींचा हिशेब विचारतायत, वॉर्डबॉय मामा स्ट्रेचर घेऊन उभे. हातात अर्धी भरलेली सिरिंज असेल तर एवढंच म्हणा: “दोन मिनिटं दादा, औषध भरतेय, लगेच येते.” लोक थांबतात. मध्येच जावंच लागलं, कोणी कोसळलं, तर परत आल्यावर जिथे सोडलं तिथून पुढे नाही, पहिल्यापासून सुरू करायचं.

चौथी पायरी: गणित कागदावर

तोंडी गणित करू नका, कितीही हुशार असलात तरी. सलाईनच्या थेंबांसाठी एकूण मिली गुणिले सेटचे थेंब, भागिले मिनिटं. ५०० मिली ४ तासांत, सेट २० थेंबांचा: १०,००० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला ४२ थेंबांच्या आसपास. एका मिलीला किती थेंब हे सेटच्या वेष्टनावर असतं, ते बघून घ्या. मायक्रो सेटमध्ये ६० असतात, तिथे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब.

मुलांच्या वॉर्डात तर मला आजही दुसरीकडून तपासून घेतल्याशिवाय चैन पडत नाही. १० किलोचं बाळ, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅम. सिरप ५ मिलीत १२५ चं असेल तर ६ मिली. पण ड्रॉप्स असतील तर १ मिलीतच १०० असतात, तिथे फक्त दीड मिली. “सहा मिली द्यायचंय” एवढंच डोक्यात ठेवून ड्रॉप्सची बाटली उचलली तर ६०० मिलिग्रॅम, चार पट. शिरेतून देतात ती १०० मिलीची बाटली १ ग्रॅमची असते. या बाळाला त्यातले फक्त १५ मिली, तेवढेच मोजून वेगळे काढायचे. पूर्ण बाटली लटकवून “मी बघते, बंद करीन” असं कधीच नाही. डोस नेहमी मिलिग्रॅममध्ये बोला, मिलीत नको. आणि उत्तर विचित्र आलं, एका डोसाला तीन-चार अँप्यूल फोडावी लागतायत असं दिसलं, की गणित चुकलंय असं धरून चाला.

पाचवी पायरी: उशाशी

“तुम्ही शिंदे ना?” असं विचारलं तर आपल्याकडची वयस्कर माणसं नेहमी “हो” म्हणतात. ऐकू आलेलं नसतं, किंवा सिस्टरला नाही कसं म्हणायचं असं वाटतं. म्हणून प्रश्न उलटा विचारा: “आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं.” मग हातातल्या पट्टीवरचं नाव आणि नोंदणी क्रमांक शीटशी जुळवा. एकाच वॉर्डात दोन शिंदे, तीन पवार, दोन जाधव असणारच. बेड नंबर ही ओळख नाही. पंख्याचा वारा लागतो म्हणून लोक आपसात बेड बदलतात.

ॲलर्जीचंही तसंच. “कशाची ॲलर्जी आहे का?” याला उत्तर “नाही” असंच येतं. असं विचारा: “कधी कुठल्या गोळीने, इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या का? तोंड सुजलं, दम लागला, चक्कर येऊन पडलात असं काही?” मग आठवतं: “हो, त्या दाताच्या डॉक्टरकडे एकदा…” पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याला ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड किंवा पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम लिहून येतं आणि नावात पेनिसिलिन दिसत नसल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही त्याच घरातली. ओठांवर आलेला हा प्रश्न गिळू नका, डॉक्टरांना विचारा.

उशाजवळच्या पिशवीकडे बघा. घरच्या गोळ्या त्यातच असतात आणि सून इमानेइतबारे वेळेवर देत असते. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही तिन्ही नावं पॅरासिटामॉलचीच, हे तिला कुठून माहीत असणार? रक्त पातळ करणारी किंवा बीपीची गोळी दोनदा गेली तर परिणाम लगेच दिसतो. प्रेमाने सांगा: “ताई, इथे आहेत तोवर सगळ्या गोळ्या आमच्याकडूनच. तुमच्या मी डॉक्टरांना दाखवून नोंद करून ठेवते.” पेशंट किंवा नातेवाईक म्हणाले की “ही गोळी रोजची नाही वाटत, रंग वेगळा आहे”, तर हात मागे घ्या आणि परत तपासा. माझ्या पाहण्यात अशा शंकेने दोनदा चूक टळली आहे.

मग मार्ग आणि वेग. राईल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात गेलेल्या नळीतून, द्यायचं औषध साध्या इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरून ठेवू नका, कोणीतरी ते शिरेतल्या व्हेनफ्लॉनला लावेल. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून ट्यूबमधून द्यायच्या नाहीत, दिवसभराचा डोस एकदम उतरतो. व्हॅन्कोमायसिन १ ग्रॅम कमीत कमी तासभर चालवायचं, नाहीतर अंग लाललाल होतं आणि बीपी पडतं. फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे कण पडतात. मोठ्या माणसाला मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर नाही. सेफ्ट्रायॲक्सोन आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) चालू असलेल्या लाईनमधून देऊ नका, आरएलमध्ये कॅल्शियम असतं. नवजात बाळांच्या बाबतीत तर हे जिवावरचं आहे.

सहावी पायरी: दिल्यानंतर

औषध दिलं, सही केली, काम संपलं असं होत नाही. पहिला अँटिबायोटिक डोस असेल तर काही मिनिटं आसपास राहा. लेबर रूममध्ये एक्लॅम्प्सियासाठी (गरोदरपणात बीपी वाढून येणारे झटके) मॅग्नेशियम सल्फेट चालू असेल तर पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्याचा रिफ्लेक्स येतोय का, श्वास मिनिटाला १६ तरी आहे का, लघवी तासाला ३० मिली तरी होतेय का. एकही कमी असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना बोलवा. आणि त्याचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिलीचं अँप्यूल, ट्रेमध्ये आधीच ठेवलेलं हवं. गरज पडल्यावर कपाटाची किल्ली शोधायची वेळ येऊ नये.

चूक झाली तर

होईल. एवढं सगळं पाळूनही कधीतरी होईल, आणि त्या क्षणी पोटात जो गोळा येतो तो मला माहीत आहे. पहिला विचार येतो की कोणाला कळणार नाही. तो विचार पेशंटचा जीव घेऊ शकतो, कारण उतारा वेळेवर दिला तरच चालतो.

औषध थांबवा, सलाईनमधून चालू असेल तर क्लॅम्प लावा, लाईन काढू नका. नाडी, बीपी, श्वास, गरज असेल तर शुगर बघा. डॉक्टरांना सरळ शब्दांत सांगा: “सर, बेड ७ च्या पेशंटला माझ्याकडून चुकीचं औषध गेलंय. हे गेलंय, एवढं गेलंय, इतक्या वाजता.” आढेवेढे घेतले की पाच मिनिटं जातात. व्हायल, अँप्यूल, सिरिंज फेकू नका, बाजूला ठेवा. इन्चार्जना कळवा आणि त्याच पाळीत इन्सिडंट फॉर्म भरा. त्यात जे घडलं तेवढंच लिहा: काय लिहिलं होतं, काय गेलं, केव्हा लक्षात आलं, पेशंट कसा होता, काय केलं. “दुर्लक्ष झालं, माफी असावी” असं लिहू नका, दुसऱ्या कोणावर ढकलूही नका. शीटवर खाडाखोड अजिबात नको. चुकलेली नोंद एका रेघेने काटून सही आणि वेळ टाकायची, खालचं वाचता आलं पाहिजे.

चूक पेशंटपर्यंत पोचण्याआधी पकडली गेली, तरी लिहा. डिस्टिल्ड वॉटरच्या खोक्यात सापडलेलं ते पोटॅशियमचं अँप्यूल याच प्रकारात येतं. आज तुमच्या हाताला लागलं, उद्या दुसऱ्या पाळीतल्या नव्या मुलीच्या हाताला लागेल. औषध बरोबर दिलेलं असूनही वाईट प्रतिक्रिया आली, तर ती वेगळी नोंद. भारताचा औषध-सुरक्षा निगराणी कार्यक्रम २०१० पासून चालतो, त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला आहे. नर्सलाही तिथे कळवता येतं, टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४.

चुकलेल्या मुलीला त्या दिवशी एकटीला हॉस्टेलवर पाठवू नका, हे मी सिनियर सिस्टरना सांगते. आणि तुम्ही स्वतः चुकला असाल तर कोणाशी तरी बोला, रूममेटशी, इन्चार्जशी. मी दोन महिने इन्सुलिन भरताना घाबरायचे आणि ते कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोन आठवड्यांत भीती गेली असती असं आता वाटतं.

त्या रात्रीनंतर सकाळी मी इन्चार्जना सांगितलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, फॉर्म पुढे केला. मग दोघी मिळून आजींच्या मुलाकडे गेलो आणि काय झालं ते सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, “आता शुगर किती आहे?” मी आकडा सांगितला. त्या आठवड्यात फ्रिजमध्ये दोन डबे आले, ४० साठी एक आणि १०० साठी एक, दोन्हींवर जाड अक्षरात आकडा, आणि १०० च्या डब्यातच नारिंगी टोपीच्या सिरिंज ठेवलेल्या. बाहेरून आलेली व्हायल दोन सिस्टरच्या सह्यांशिवाय फ्रिजमध्ये जायची बंद झाली.

उद्या ड्युटीवर गेलात की ओव्हर झाल्यावर इन्चार्जना एवढं विचारून घ्या: पोटॅशियम कुठे ठेवतात, फ्रिजमध्ये कोणत्या ताकदीचं इन्सुलिन आहे, कोणत्या औषधांना दुसरी सही लागते आणि रात्री ती सही कोण करतं, इन्सिडंट फॉर्म कुठल्या फाईलमध्ये असतो. उत्तरं खिशातल्या डायरीत लिहा. मग ट्रे घ्या.